एका नोंदीसाठी गोंदियाला

गोंदियाला चालले आहे म्हटलं की पुण्यातले लोक दोनच गोष्टी विचारतात. वाघ बघायला का? आणि तिकडे सगळे हिंदीच बोलतात ना? वाघ मला दिसला नाही, मी त्यासाठी गेलेही नव्हते. हिंदीचं मात्र खरं निघालं. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला मी मराठीत पत्ता सांगितला, त्यानं हिंदीत होकार दिला, वाटेत मी मराठीत शंका काढल्या आणि त्यानं हिंदीत त्या झटकून टाकल्या. लॉजपर्यंत आमचं उत्तम जमलं. दोघांनीही भाषा बदलली नाही आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

सकाळी लॉजसमोरच्या गाडीवर तर्रीपोहे खाल्ले. पोहेवाल्या बाईंनी विचारलं, "सांबार टाकू का वरून?" पोह्यांवर सांबार कोण घालतं म्हणून मी नको म्हटलं. शेजारच्या ताटलीत पाहिलं तर ती कोथिंबीर. मग लाजत मागून घेतली. हे मुद्दाम सांगते, कारण माझं पोट ह्याच धंद्यावर चालतं.

मी एका वस्तुसंग्रहालयाच्या नोंदणी विभागात आहे. आमच्याकडे वस्तू, पुस्तकं, जुने फोटो, ध्वनिफिती असा पसारा आहे आणि तो सगळा आता संगणकावर शोधता येतो. येतो म्हणजे, नीट नोंद असली तर येतो. एकाच वस्तूला कोणी कोथिंबीर लिहिलं, कोणी सांबार, कोणी धने-पाला, की शोधणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून आमची एक ठरीव शब्दयादी असते. प्रत्येक गोष्टीला एक मान्य शब्द, आणि बाकीच्या शब्दांना त्याच्या दाराशी आणून सोडायचं. नोंद करणाऱ्यानं यादीबाहेरचा शब्द वापरायचा नाही, आणि शोधणाऱ्यानं यादीतला शब्द धरून आत शिरायचं. ऑफिसात मला 'शब्दांची हवालदार' म्हणतात. मला ते आवडतं, हे मी त्यांना कळू देत नाही.

तर ह्या हवालदारणीला एक दिवस आमगावजवळच्या एका गावातून फोन आला. निर्मला नावाची अंगणवाडी सेविका. वय चाळिशीचं. तिनं मोबाइलवर आमचा संग्रह उघडून त्यात वडिलांचं नाव टाकलं होतं, गावाचं नाव टाकलं होतं, 'दंडार' टाकलं होतं. काहीच निघालं नाही म्हणून चिकाटीनं नंबर शोधून तिनं फोन लावला. तिचं म्हणणं सरळ होतं. ती आईच्या पोटात असताना वडील वारले. ताप आला आणि डोक्यात गेला. घरात त्यांचा एकही फोटो नाही. पण आई नेहमी सांगायची की शेवटच्या वर्षी गावच्या मंडईत बाहेरून एक दाढीवाला माणूस कॅमेरा घेऊन आला होता आणि त्यानं दंडारीचे फोटो काढले होते. ते फोटो कुठंतरी असतीलच. "मले त्याईचं तोंड पाहाचं हाये, मॅडम," ती म्हणाली. "बस एवढंच."

दिवाळी झाली की तिकडच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईत दंडार होते. नाच, गाणी, सोंगं, मध्येच एखादं कथानक, असा तो रात्रभराचा खेळ. त्या दाढीवाल्या माणसाचा संग्रह त्याच्या पश्चात आमच्याकडेच आलेला आहे, हे मला ठाऊक होतं. मी शोधायला बसले. विषय: लोककलावंत, पुरुष. प्रकार: दंडार. स्थळ: गोंदिया जिल्हा. काही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. त्या काळी गोंदिया जिल्हा होताच कुठे? सगळा भंडारा. स्थळ बदललं तसे मोजके फोटो पुढे आले. ढोलकीवाले, टिपऱ्यावाले, फेटे बांधलेले गडी. फोटोतल्या माणसाची ओळख पटवायची तर त्याला पाहिलेल्या माणसासमोर बसून, असा आमचा नियम आहे. तो पुढे करून मी साहेबांकडून दौरा मंजूर करून घेतला आणि निघाले.

आमगाव

गोंदियाहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की शहर लगेच मागे पडतं आणि दोन्ही बाजूंना धान सुरू होतं. मी गेले तेव्हा कापणी उरकत आली होती. बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले. आमच्याकडे भात म्हणजे ताटातला. इथे शेतात उभा असतो तो धान, आणि शिजला की भात. आमच्या यादीत दोन्हींना एकच शब्द आहे. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात ती नोंद दुरुस्त केली.

निर्मला स्टेशनवर आली होती. उंच, सडसडीत, बोलताना समोरच्याकडे रोखून बघायची सवय. तिनं माझी बॅग जवळजवळ हिसकावूनच घेतली. घरी तिचा नवरा अंगणात धान वाळवत होता. मला पाहून तो "या ताई" म्हणाला आणि परत धानाकडे वळला. मला हे लोक पहिल्याच भेटीत आवडले. पुण्यात पाहुणा आला की आधी प्रवास कसा झाला, मग जागा सापडली का, मग चहा घेणार ना, अशा पायऱ्या असतात. इथे थेट पाट मांडला. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी, जवसाची चटणी. मी पोळीची वाट पाहते आहे हे ओळखून निर्मला म्हणाली, "पोळी पाहुन्यांसाठी असते, ताई. तुमी तं कामाले आल्या." मी हसले आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. तिनं हात धुतलेले असूनही पुन्हा पदराला पुसले. एकेक फोटो ती इतका वेळ पाहत होती की मला मध्ये बोलवेना. ती कोणाला ओळखणार? तिनं वडिलांना पाहिलेलंच नव्हतं. ती प्रत्येक चेहऱ्यात स्वतःला शोधत होती. ह्याचे कान असे, ह्याची हनुवटी तशी. शेवटी टिपऱ्या उंच धरलेल्या, तोंडभर हसणाऱ्या एका गड्यापाशी ती थांबली. "हा असन का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, असंच सांगता येणार नाही, कोणीतरी पाहिलेला माणूस हवा. ती हो म्हणाली. पण संध्याकाळी तिची मुलगी कॉलेजातून आली तेव्हा आतल्या खोलीतून मला ऐकू आलं, "हे पाह्य, हे तुहे आजोबा." तिनं माझ्या नकळत पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून घेतला होता. नियमानं मी तो पुसायला लावायला हवा होता. माझ्याच्यानं झालं नाही.

तिची आई देवकाबाई दरेकशाला भावाकडे राहते. तिला विचारलं की झालं, असं मला वाटत होतं. तेव्हा निर्मलानं सांगितलं की काचबिंदूनं आईचे दोन्ही डोळे गेले आहेत. मागच्या वर्षीपर्यंत उजेड-अंधार कळायचा, आता तेही नाही. म्हणूनच ह्या शोधाबद्दल तिनं आईला अजून काही सांगितलं नव्हतं. दंडारीतला एकच माणूस आता हयात होता. सोमाजी नावाचा ढोलकीवाला, चोरखमाऱ्याकडे मुलापाशी राहायला गेलेला. आम्ही आधी तिकडे जायचं ठरवलं.

चोरखमारा

आमगावहून गोंदिया, तिथून तिरोड्याची बस आणि पुढे काळीपिवळी जीप. काळीपिवळीत माझ्या मांडीवर एका बाईंनी सिंगाड्यांचं गाठोडं ठेवलं आणि उतरेपर्यंत मागितलं नाही. बदल्यात मूठभर सिंगाडे दिले. मग रस्ता वळला आणि अचानक तलाव समोर आला. मागे जंगलाच्या टेकड्या, पुढे पाणी आणि पाण्यावर उन्हाची नुसती तिरीप. खाली कालव्याच्या कडेनं धानाची शेतं लांबवर गेलेली. निर्मला इतक्या जवळ राहून इथे कधी आली नव्हती. ती म्हणाली, कशाला येणार, पाणी पाहायला कोणी रजा देते का.

सोमाजी खाटेवर ऊन खात बसले होते. कान शाबूत, एका डोळ्यात फूल पडलेलं. निर्मला कोणाची मुलगी हे कळल्यावर त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चहा झाला. मी एकेक फोटो त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. त्यांनी सगळ्यांची नावं सांगितली, कोण कधी गेला तेही. टिपऱ्या उंच धरलेला तो हसरा गडी आला तेव्हा निर्मला पुढे झुकली. सोमाजी म्हणाले, हा सालेकशाकडचा, मातीची मडकी करत होता, दंडारीत हौसेनं येई, ह्याचे नातू आता नागपुरात आहेत.

 निर्मलानं मोबाइल काढला, त्यात काहीतरी केलं आणि परत ठेवून दिला. घरी मुलीला काय सांगायचं ह्याचा विचार ती करत असणार. मला तिच्याकडे बघवेना. एक दिवस तिला बाप होता आणि तो दुसऱ्याच कोणाचा आजोबा निघाला.

सगळे फोटो संपले. सोमाजींनी सगळ्यांना ओळखलं होतं, त्यात तिचे वडील नव्हते. मी लॅपटॉप मिटायला लागले तशी सोमाजींनी मान हलवली.

"तुमी त्याले मानसांत ढुंडून राहिले," ते म्हणाले. "तो मानसांत कायले सापडन? तो बायांत हाये."

मला चटकन कळलं, निर्मलाला कळलं नाही. दंडारीत बाई नाचत नाही. गडीच लुगडं नेसून बाई होतो. निर्मलाचे वडील हे सोंग घेत. सगळ्या पट्ट्यात त्यांच्यासारखी बाई कोणी वठवत नव्हतं, असं सोमाजी सांगत राहिले आणि निर्मला त्यांच्याकडे बघत राहिली. हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. बाप दंडारीत होता एवढंच तिला माहीत. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मले सांगितलं काऊन नाही?"  पण ते ती मला विचारत नव्हती.

तिथे नेटवर्क नव्हतं. तलावाच्या पाळीवर मिळते म्हणाले म्हणून आम्ही दोघी पाळीवर चढलो. मी मोबाइलवर संग्रह उघडला आणि आजवर ज्या दारानं शिरायचं मनातही आलं नव्हतं त्या दारानं शिरले. विषय: स्त्रिया. उपविषय: लोकनृत्य. स्थळ: भंडारा. वर्षानुवर्षांपूर्वी कोणीतरी टेबलाशी बसून तो फोटो पाहिला असणार. लुगडं, नथ, कपाळावर कुंकू. यादीत 'स्त्री' हा शब्द होता, फोटोत स्त्री दिसत होती, त्यानं तो शब्द लावला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. एकदा ती नोंद झाली आणि तो माणूस पुरुषांतून कायमचा नाहीसा झाला. मुलीनं बापाला कितीही हाका मारल्या असत्या तरी आमच्या संगणकानं तो कधीच दिला नसता.

फोटो वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी पेट्रोमॅक्स दिसला, मग वर उचललेला हात, मग चेहरा. खाली लिहिलेलं: नृत्य करणारी स्त्री, मंडई. निर्मलानं मोबाइल माझ्या हातातून घेतला. तिला बापाचं तोंड पाहायचं होतं. समोर पांढरी पावडर फासलेलं, काजळ घातलेलं, ओठ रंगवलेलं तोंड होतं.

"हे तं बाईच हाये," ती म्हणाली आणि मोबाइल मला परत दिला.

खाली येऊन सोमाजींना दाखवला. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिला. पण त्यांच्या दंडारीत तेव्हा दोघेजण बाई होत आणि रंग लावल्यावर दोघे सारखेच दिसत, म्हणाले. हा तोच असेल किंवा दुसराही असेल, शपथ घेववत नाही. ते प्रामाणिक होते म्हणून मला त्यांचा रागही आला. आता उरली एकच बाई, जिला हे नक्की सांगता आलं असतं, आणि तिला दिसत नव्हतं. परतीच्या काळीपिवळीत निर्मला खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिरोड्याला चहा प्यायला उतरलो तेव्हा ती म्हणाली की उद्या दरेकशाला जायचंच. मायला दिसत नाही तर मी सांगीन.

दरेकसा

आमगाव सोडलं की सपाटी संपते आणि गाडी टेकड्यांत शिरते. दरेकसा हे लहानसं स्टेशन. उतरणारे आम्ही मोजकेच होतो. प्लॅटफॉर्मच्या पलीकडे लगेच साग सुरू होतो. हवेत वाळल्या पानांचा वास होता आणि गाडी निघून गेल्यावर जी शांतता झाली तशी मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. पुण्यात शांतता म्हणजे दोन हॉर्नमधली जागा. रस्त्यात जळणाच्या मोळ्या घेतलेल्या बाया भेटल्या. त्यांनी निर्मलाला ओळखलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि गोंडीत काहीतरी बोलून हसल्या. माझ्या चपलांबद्दल असावं. चढावर त्या दोनदा निसटल्या होत्या.

देवकाबाई ओसरीत बसून हातानं डाळ चाचपत खडे निवडत होत्या. लहानखुऱ्या, पांढरंस्वच्छ लुगडं, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. पायांच्या आवाजावरून त्यांनी लेकीला ओळखलं. दुसरी कोण, हेही विचारलं. निर्मलानं आधी काही सांगितलं नाही. आम्ही जेवलो, त्यांच्या भावजयीनं भात आणि वाळल्या झिंग्यांची भाजी वाढली, आणि मग निर्मला आईसमोर जाऊन बसली. तिनं एका दमात सगळं सांगितलं. फोन, पुणं, सोमाजी, फोटो. शेवटी म्हणाली, मले माहीत झालं, तो बाई बनत होता.

देवकाबाईंचा डाळीतला हात थांबला. मला वाटलं त्या रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "कोन सांगितलं? सोमाजीनं? जिता हाये तो?" मग त्यांनी सुपडं बाजूला सारलं आणि लेकीला म्हणाल्या, काय दिसते ते सांग.

निर्मला सांगू लागली. अंगणवाडीत मुलांना चित्र दाखवतात तशी, वरून खाली. मागं पेट्रोमॅक्स हाये. बाजूला मानसं बसली हायेत. मधात तो हाये, लुगडं नेसून. नथ हाये. मला माझ्याच नोंदी आठवत होत्या. आम्हीही असंच लिहितो, वस्तू, स्थान, अवस्था. देवकाबाई मध्येच विचारत. काठ रुंद का अरुंद? रुंद. रंग? रंग समजत नाही माय, फोटो काळापांढरा हाये. त्या म्हणाल्या, हिरवं असन, माहंच होतं. पण बाई होणाऱ्या दोघांचीही लुगडी हिरवीच असत, हे त्यांनीच लगेच कबूल केलं. नथ दंडारीची, सगळ्यांची एकच. पैंजण? ते फोटोत येत नव्हते. निर्मलाचा आवाज पडत चालला. एकेक खूण येत होती आणि काहीच सिद्ध न करता जात होती.

मग देवकाबाईंनी विचारलं, हात कसे आहेत. निर्मला म्हणाली, उजवा वर उचलला आहे.

"काखेत पाह्य," त्या म्हणाल्या. "चोरी माही होती. त्याले काखेत होय नाई, उसवे. मंग मी त्याच्याच जुन्या सदऱ्याची पट्टी लावून देल्ली. उभ्या रेघांचा सदरा होता. पाह्य."

चोरी म्हणजे चोळी, हे मला त्यांच्या हाताच्या खुणेवरून कळलं. मी लॅपटॉपवर फोटो उघडला आणि काखेचा भाग मोठा केला. निर्मलानं माझा हात बाजूला करून आणखी मोठा केला. चोळी साधी, एकरंगी होती. पण काखेत तळहाताएवढ्या जागेत कापड वेगळं होतं आणि त्याच्यावर रेघा होत्या. उभ्या रेघा. टाके मोठे मोठे, घाईनं घातलेले.

"रेघा हायेत, माय," निर्मला म्हणाली.

देवकाबाईंनी हात पुढे केला. निर्मलानं तो धरून लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवला. त्या बोटानं पडदा चाचपत राहिल्या. काचेवर शिवण लागणार कशी? पण त्यांनी हात काढला नाही, आणि आम्हीही काढायला सांगितलं नाही. मला रडू आलं. नोकरीवर असताना असं होऊ नये, पण झालं.

मग त्या बोलल्या, थांबत थांबत. मंडईच्या दिवशी त्याच त्याला नटवत. लुगडं नेसवत, काजळ घालत. तो बांधीत नांगर धरणारा माणूस, पण लुगडं नेसलं की चाल बदले, मान बदले, आणि देवकाबाई बायांत बसून पाहत आणि त्यांना स्वतःचाच हेवा वाटे. तो गेल्यावर थोरल्या दिरानं लुगडं, चोळी, घुंगरं सगळं जाळलं. भावानं बाई होऊन नाचावं ह्याची त्याला पहिल्यापासून लाज. पोरीला हे कधी कळता कामा नये, नाहीतर हिचं लग्न जुळणार नाही, असं त्यानं बजावलं होतं. त्याच्या घरात राहायचं होतं, म्हणून त्या गप्प बसल्या. मग दीरही मेला, पण गप्प बसायची सवय राहिली. "सांगाचं होतं तुले," त्या लेकीला म्हणाल्या. "रोज सांगाचं होतं. कुठून सुरू कराव समजे नाई."

निर्मला त्यांच्यावर रागवायला आली होती, हे मला माहीत होतं. ती रागावली नाही. तिनं आईच्या डोक्यावरचा पदर सरळ केला आणि पुन्हा फोटोकडे बघत बसली. आता तो तिचा बाप होता. आणि तरी तिला हवं होतं ते तिला मिळालं नव्हतं, हेही तिच्या तोंडावर दिसत होतं. तेच तिच्या आईनं विचारलं. तोंड कोरं असलेला एखादा फोटो आहे का? रंगाच्या आधीचा? सदरा-धोतरातला?

मी तो रात्री लॉजवर शोधला होता. शेतकरी, पुरुष, प्रेक्षक, मंडई, बाजार, बैलगाडी, यादीतला सुचेल तो शब्द लावून पाहिला होता. मी म्हटलं, "नाही, मावशी. हा एकच आहे."

"नाई तं नाई," त्या म्हणाल्या. मग निर्मलाला म्हणाल्या, रंगाखालचं पाह्य. दिसते का काही? निर्मलानं चेहरा मोठा केला, इतका की त्याचे नुसते ठिपके झाले. मग लहान केला. पुन्हा मोठा केला. म्हणाली, नाक माझ्यासारखं आहे, माय. खरंच होतं की तिला तसं वाटलं, मला सांगता येणार नाही.

आता माझं काम उरलं होतं आणि ते मला नकोसं झालं होतं. नोंदीत नाव घालायचं तर ओळख पटवणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं माणसाचं नाव सांगायचं आणि ते ध्वनिमुद्रित करायचं, असा नियम आहे. मी तसं म्हटलं आणि सगळे देवकाबाईंकडे बघू लागले. देवकाबाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. इकडच्या त्यांच्या वयाच्या बाया घेत नाहीत, नवरा असताना नाही आणि गेल्यावरही नाही. दारातून त्यांचा भाऊ म्हणाला, मी सांगतो. मी म्हटलं, निर्मलानं सांगितलं तरी चालेल, मी लिहून घेते, नियमाचं मी बघते.

"थांबा," देवकाबाई म्हणाल्या. "तिनं त्याले पाहिलं नाई. मी पाहिलं."

मी यंत्र सुरू केलं आणि त्यांच्या समोर धरलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज असा निघाला की मलाच ऐकू आला नाही. त्यांनी विचारलं, आलं का? खोटं सांगावं असं फार वाटलं. पण त्यांच्याशी खोटं बोलवेना. मी म्हटलं, नाही आलं.

त्यांनी श्वास घेतला, मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "चैतराम." बांधीत काम करणाऱ्या माणसाला जेवायला हाक मारतात तसं, शेवटचा स्वर लांबवत. शेजारच्या घरातली बाई बाहेर आली. निर्मलानं आईच्या मांडीत डोकं घातलं आणि ती रडली, आणि देवकाबाई तिच्या केसांतून हात फिरवत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

पुण्याला आल्यावर मी नोंद दुरुस्त केली. 'स्त्रिया' काढून 'पुरुष कलावंत, स्त्री-भूमिका' घातलं, स्थळ गोंदिया केलं, नाव लिहिलं. फोटोची मोठी प्रत निर्मलाला पाठवायची साहेबांनी परवानगी दिली. ते सगळं रीतसर झालं. पण त्या ध्वनिफितीलाही एक विषय द्यावा लागतो, त्याशिवाय ती संग्रहात जात नाही. मी 'मुलाखत' लावून पाहिलं, 'व्यक्तीची ओळख' लावून पाहिलं, यादी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. काही लागत नाही. म्हणून ती अजून माझ्याकडेच आहे, नोंदीवाचून. अधूनमधून मी ती ऐकते. नाव संपल्यावर यंत्र बंद करायला माझा हात उशिरा गेला होता, त्यामुळे पुढे थोडी शांतता आहे. त्या शांततेत दर वेळी वाटतं की आता पलीकडून कोणीतरी ओ देईल. कोणी देत नाही.